प्रश्न आपले, उत्तर डॉक्टरांचे : सीपॅप लावल्यावर तोंडातून हवा का निसटते?

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. घोरणे आणि दिवसभराची झोप यांमुळे त्यांची स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) केली, तेव्हा श्वास तासाला सरासरी ३८ वेळा अडखळतो असे निघाले. दीड महिन्यापासून ते फक्त नाकावर बसणारा मास्क लावून सीपॅपवर, म्हणजे दाबाखाली हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्रावर, झोपतात. परंतु मध्यरात्रीनंतर त्यांचे तोंड उघडते, ओठांतून फुरफुर आवाज येत राहतो आणि सकाळी घसा इतका कोरडा पडलेला असतो की पाण्याशिवाय शब्द फुटत नाही. यंत्राच्या पडद्यावर गळती जास्त असल्याची खूण दिसते. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यांचे नाकही चोंदते. यंत्र देणाऱ्याने ओठांवर चिकटपट्टी लावायला सांगितले आहे, तर शेजारी म्हणतात की तोंडही झाकणारा मोठा मास्क घ्या. आम्ही काय करावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती करतो. आपण हा प्रश्न विचारलात तोवर यंत्र चालूच ठेवलेत, तसेच ते पुढेही चालू ठेवा. तासाला ३० पेक्षा अधिक वेळा श्वास अडखळणे ही तीव्र अवस्था मानली जाते. थोडी गळती होऊनही यंत्राचा काही उपयोग होत असतो, यंत्र कपाटात गेले की तो मुळीच होत नाही.

नाकातून येणारी हवा दाबाखाली असते. तोंड मिटलेले असताना जीभ टाळूला टेकते, मागचा मृदू टाळू पुढे येऊन जिभेवर बसतो आणि हवेला घशाखेरीज वाट उरत नाही. गाढ झोपेत जबड्याचे स्नायू सैल पडून तोंड उघडले की तीच हवा सोप्या वाटेने ओठांबाहेर पडते, घशातला दाब घटतो आणि श्वासमार्ग पुन्हा मिटू लागतो. म्हणजे प्रश्न केवळ कोरड्या घशाचा नाही, उपचारच अर्धवट होतो. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून सतत बाहेर पडणारी हवा मात्र गळती समजू नये. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून ती छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात.

गळती तोंडातूनच आहे याची खात्री करून घ्या. मास्कच्या कडेतून हवा जात असेल तर डोळ्यांच्या कोपऱ्यांत वारा लागतो, सकाळी डोळे कोरडे वा लाल असतात आणि हाताने मास्क किंचित हलवला की आवाज बदलतो. जाड मिशी असल्यास मास्क नीट बसत नाही, हेही पाहावे. ओठांचा फुरफुर आवाज आणि सकाळचा कोरडा घसा ही आपण सांगितलेली लक्षणे मात्र तोंडाकडेच बोट दाखवतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो आपण जाता जाता लिहिला आहे : नाक चोंदते. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत मी तोंडाआधी नाक तपासतो, कारण नाकाने पुरेसा श्वास मिळत नसलेला माणूस झोपेत तोंड उघडणारच. त्यातून एक दुष्टचक्र सुरू होते. हवा नाकातून आत येऊन तोंडातून बाहेर पडू लागली की उच्छ्वासाचा ओलावा आणि ऊब नाकाला परत मिळत नाही. नाकाचे अस्तर गार आणि कोरडे पडते, सुजते, नाक आणखी चोंदते आणि तोंड आणखी उघडते. यजमानांना जागेपणी तोंड मिटून पाच मिनिटे स्वस्थ बसायला सांगा. त्यांना तेही जड जात असेल, तर कोणतीही पट्टी लावण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नाकाचा पडदा वाकडा आहे का, नाकात मांसल गाठ आहे का, की केवळ ॲलर्जीची सूज आहे, हे तेच सांगू शकतील. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी होते.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, गाद्या-उशा आठवडेच्या आठवडे उन्हाला लागत नाहीत आणि धुळीतल्या सूक्ष्म किडींना दमट हवा मानवते. झोपण्याच्या खोलीतली बुरशी काढणे, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुणे आणि यंत्राचा फिल्टर वेळेवर बदलणे ही कामे औषधाइतकीच महत्त्वाची आहेत. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. त्यासाठी उकळून कोमट केलेलेच पाणी घ्यावे, विहिरीचे वा नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. ॲलर्जी असल्यास डॉक्टर स्टेरॉइडचा नाकाचा फवारा देतात. तो रोज घ्यावा लागतो आणि गुण यायला काही दिवस जातात. दुकानातून आणलेले, नाक तात्काळ मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर उलट नाक जास्तच बंद होऊ लागते.

यंत्राला ह्युमिडिफायर असेल तर तो सुरू करा. गोव्याच्या दमट हवेत ओलावा कशाला, असे अनेकजण विचारतात. पण रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीतली हवा कोरडी असते, आणि ऊबदार ओली हवा वरचे दुष्टचक्र तोडायला मदत करते. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि भांडे रोज रिकामे करून सुकवावे. नळीत पाणी साचू लागले तर ओलावा एक पायरी कमी करावा.

नाक मोकळे झाल्यावर जिभेची सवय लावता येते. ‘न’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे जिथे टेकते, तिथेच जीभ ठेवून, ओठ मिटून, संध्याकाळी टीव्हीसमोर बसताना अर्धा तास मास्क लावून राहावे. कुशीवर झोपल्याने जबडा कमी उघडतो. रात्री मद्य घेतल्यास स्नायू आणखी सैल होतात, म्हणून ते टाळावे. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे.

एवढे करूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा वापरून पाहावा. तो जबड्याला आधार देण्यापुरताच बांधावा. घट्ट ओढल्यास जबडा मागे सरकतो आणि त्यासोबत जीभही घशाकडे जाते, म्हणजे ज्यासाठी यंत्र घेतले तेच बिघडते.

चिकटपट्टीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आपल्या यजमानांनी ती लावू नये. नाकाच्या मास्कमध्ये वीज गेल्यावर उघडणारी झडप सहसा नसते, तिथे तोंड हीच सुटकेची वाट असते. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री-अपरात्री वीज जाते. नाक चोंदलेले, यंत्र बंद आणि ओठांवर पट्टी, ही अवस्था धोक्याची आहे. उलटी झाली किंवा आंबट पाणी वर आले तरीही तसेच.

तोंडही झाकणारा मास्क वाईट नाही. नाक कायमचेच बंद असणाऱ्यांना तोच योग्य ठरतो. मात्र त्याची कड मोठी असल्याने ती गळण्याची शक्यता वाढते, काहींचा जबडा त्याने मागे ढकलला जातो आणि दाब वाढवावा लागू शकतो. म्हणून महिनाभर नाकावर उपचार करून मग निर्णय घ्यावा. तपासणीला जाताना यंत्रातले, रोजची नोंद ठेवणारे कार्ड सोबत न्या. दाब गरजेपेक्षा जास्त असला तरी तोंड उघडते, आणि रात्रभराची नोंद पाहून डॉक्टर तो कमी करू शकतात. तो घरी आपणहून बदलू नये.

एक गोष्ट मात्र महिनाभर थांबण्यासारखी नाही. दिवसा गाडी चालवताना यजमानांचे डोळे मिटत असतील, तर गळती आटोक्यात येईपर्यंत त्यांनी गाडी चालवू नये आणि श्वसनरोग तज्ज्ञांची भेट याच आठवड्यात घ्यावी.