शेतात सेन्सर बसवल्याने माती-पाणी खरंच वाचतं का?

नमस्कार. इंटरनेटला जोडलेले सेन्सर पर्यावरणाच्या खरंच कामाचे आहेत की नुसती जाहिरात आहे, असं तुम्ही विचारलंय. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि गेले चार हंगाम तिच्यात सेन्सर आहेत. त्या अनुभवावरून सांगतो: फायदा होतो, पण सेन्सर ‘आज गरज नाही’ म्हणतो तेव्हा त्याचं ऐकलं तरच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त औषध भीतीपोटी मारलं जातं. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं, की शेजारच्या बागेत ब्लोअर (फवारणीचं यंत्र) सुरू होतो आणि त्याचा आवाज ऐकून आपलाही पाय घरात ठरत नाही. डाऊनी (केवडा रोग) बघता बघता घड खाते, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण डाऊनीचा बीजाणू रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो, आणि तो काही तास टिकावा लागतो. नुसत्या ढगांनी ती येत नाही. आमच्या बागेत वेलीच्या पानोऱ्यातच पानासारखी एक पट्टी टांगलेली आहे. ती किती वेळ ओली राहिली हे तापमान आणि आर्द्रतेसोबत मोबाईलवर येतं. पहिल्या वर्षी पट्टी कोरडी दाखवत असतानाही वडिलांनी फवारणी केली. दुसऱ्या वर्षी थांबले, रोज सकाळी स्वतः पानं उलटून पाहत राहिले, आणि बाग स्वच्छ राहिली. त्या हंगामात आमच्या चार फवारण्या टळल्या. एका फवारणीला एकरी तीन-चारशे लिटर पाणी, वर डिझेल आणि औषध. बोर्डोतलं (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणातलं) तांबं तर मातीतून जातच नाही, वर्षानुवर्षं साचत राहतं. भुरी या दुसऱ्या रोगाला मात्र ओलं पान लागत नाही, तिथे या पट्टीच्या भरवशावर राहू नका.

2010 साली युरोपने क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं नाकारली होती. ते वाढ रोखणारं संजीवक होतं, बुरशीनाशक नव्हे. पण फवारलेलं फळात उरतं, हा धडा नाशिककरांना तेव्हा महागात मिळाला.

आता पाणी. एक एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4,000 लिटर. वीज रात्रीची, मोटर ऑटोवर, त्यामुळे ड्रिप असूनही गरजेपेक्षा किती गेलं ते सकाळी कळायचं नाही. आम्ही ओलाव्याचे सेन्सर एक फूट आणि दोन फूट खोलीवर बसवले. वर वाफसा (पिकाला हवी तेवढीच ओल) असताना खालचा सेन्सर दर पाण्याला भिजतोय, हे दिसलं तेव्हा मला धक्का बसला. म्हणजे मुळांच्या खाली पाणी निघून जात होतं आणि सोबत ड्रिपमधून सोडलेलं नत्रही. ते शेवटी विहिरीत उतरतं, आणि त्याच विहिरीचं पाणी आम्ही पितो. तेव्हापासून पाणी थोडं थोडं, विभागून देतो.

अडचणीही आहेत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की सेन्सरभोवतीची माती सुटते आणि तो उगाच कोरडं दाखवतो. एकदा त्यावर विसंबून आम्ही दोन दिवस जादा पाणी दिलं. तेव्हापासून आकडा विचित्र वाटला की आधी कुदळीने उकरून मूठभर माती दाबून बघतो. बॅटऱ्या संपतात, त्या बांधावर फेकू नका. विकणाऱ्याने परत घ्याव्यात, हे खरेदीच्या वेळीच ठरवून घ्या.

तुमचं क्षेत्र लहान असेल तर हवामानाचं यंत्र चार-पाच शेजाऱ्यांत मिळून घ्या. पानाची पट्टी आणि ओलाव्याचे सेन्सर मात्र ज्याच्या त्याच्या बागेतच हवेत, कारण जमीन आणि पानोरा बांधागणिक बदलतो. तेवढाही खर्च नको असेल तर साधा टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतला ओलावा काट्यावर दाखवणारी नळी, घ्या. त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त रोज सकाळी काट्याशी जाऊन उभं राहावं लागतं.