कंपनी अवसायनात गेली, हमीचं काय?

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड. ऑर्डरी तुटल्या आणि कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची आणि कंपनी बंद करायची. बँकेचे सीसी (खेळत्या भांडवलाचं कर्ज) आणि टर्म लोन (ठरावीक मुदतीचं कर्ज) मिळून 85 लाख थकलेत. "कर्ज घेताना आम्हा दोघा नवरा-बायकोच्या काही कागदांवर सह्या घेतल्या होत्या, पण कर्जाचा विमा आहेच," असं ते लिहितात. वय 54. जुन्या पॉलिसीचे 16 लाख हाती आलेत, ते एजंट सांगतो त्या 'गॅरंटीड' पेन्शन योजनेत टाकावेत का, हा प्रश्न. जाता जाता एक ओळ: "विजापूर रोडचा फ्लॅट पुढच्या आठवड्यात मुलाला बक्षीसपत्राने देतोय."

पेन्शन योजनेत एक रुपयाही टाकू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मला काळजी वाटते ती बाकीच्या पत्राची.

त्या 'काही कागदां'त वैयक्तिक हमीपत्र असणार, तुमचं आणि वहिनींचंही. प्रायव्हेट लिमिटेडमुळे घर वाचतं, पण हमीपत्रावर सही होईपर्यंतच. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. कंपनी मोडीत निघाली तरी हमी संपत नाही. डिसेंबर 2019 पासून बँक दिवाळखोरी संहितेखाली थेट हमीदारांवर जाऊ शकते, आणि 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं.

आणि तो विमा! पॉलिसीचा कागद आजच काढा. असा विमा बहुतेक वेळा कर्जदाराच्या मृत्यूवर पैसे देतो, धंदा बसला म्हणून नाही. कर्ज मंजुरीच्या गडबडीत तो गळ्यात मारतात आणि माणूस वर्षानुवर्षं निर्धास्त राहतो. याची मला खरंच चीड येते.

हिशोब मांडू. माग, माल, येणी विकून 40 लाख आले असं धरा. त्यातून आधी अवसायनाचा खर्च जातो, मग कामगारांची 24 महिन्यांपर्यंतची देणी बँकेच्या बरोबरीने वाटा घेतात. बँकेला 25 मिळाले तरी 60 लाख तुमच्या डोक्यावर. 11 टक्क्यांनी महिन्याला 55 हजार नुसतं व्याज. सोळा लाखांवर पेन्शन मिळेल नऊ हजारांच्या आसपास, आणि मुद्दल अडकून बसेल.

बक्षीसपत्र थांबवा. थकबाकी डोक्यावर असताना मुलाला फुकट दिलेला फ्लॅट म्हणजे धनको बुडवायचा प्रयत्न, असं म्हणून बँक तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. मुलगाही कोर्टात ओढला जाईल आणि तडजोडीच्या टेबलावर तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

ते 16 लाख साध्या एफडीत ठेवा, पण कर्ज देणाऱ्या बँकेत नको, तिथे ते थेट थकबाकीत वळते होऊ शकतात. दिवाळखोरीची कामं करणारा वकील गाठा आणि तडजोडीचा लेखी प्रस्ताव द्या: 16 लाख रोख, फ्लॅट विकून काही, उरलेलं हप्त्यांनी. बँक किती सोडेल हे आधीच धरून चालू नका. तडजोडपत्रात दोन्ही हमीदारांची नावं घालून 'हमीतून मुक्त' असं लिहून आल्याशिवाय मोठी रक्कम भरू नका. पीपीएफ असेल तर तो मोडू नका, कोर्टाच्या जप्तीपासून त्याला संरक्षण आहे.

पॉलिसी, हमीपत्रं, बँकेच्या नोटिसा एका फायलीत लावा आणि वकिलाकडे वहिनींना सोबत घेऊन जा.