उत्तर बरोबर, मग गुण कुठे गेले?

वाचकांचे प्रश्न : या अंकात अमेरिकेतल्या एपी कॅल्क्युलसविषयी (एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय; कॅल्क्युलसचे दोन कोर्स असतात, एबी आणि त्याहून मोठा बीसी). उत्तरं देणाऱ्या बाई तिथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये हा विषय शिकवतात.

प्रश्न : महाराष्ट्रात अकरावी-बारावीला गणित शिकवून मी निवृत्त झालो. सध्या लेकीकडे न्यू जर्सीत मुक्काम आहे. नात एपी कॅल्क्युलस एबी घेते. तिच्या चाचणीतला एक मोठा प्रश्न मी स्वतः सोडवून पाहिला. तिची सगळी उत्तरं माझ्याशी जुळतात, तरी ९ पैकी ५! शिक्षिकेनं समासात दोन ठिकाणी नुसतं ‘का?’ असं लिहून ठेवलंय. सोबत पेपरचा फोटो पाठवतो. हे कसलं तपासणं?

उत्तर : आजोबा, नमस्कार. फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, नाहीतर मी हवेत उत्तर दिलं असतं. नातीचं गणित पक्कं आहे. गेलेले चारही गुण गणिताचे नाहीत, लिहिण्याचे आहेत. एकेक बघू.

पहिला गुण एककाचा. टाकीतलं पाणी सरासरी कोणत्या वेगानं वाढलं, असं विचारलंय आणि ‘एकक लिहा’ असं प्रश्नातच म्हटलंय. तिनं नुसता आकडा लिहिला. ‘लिटर प्रति तास’ हवं होतं. यात वादाला जागा नाही.

दुसरा गुण दशांशाचा. हा कॅल्क्युलेटर वापरायचा प्रश्न आहे आणि उत्तर दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत अचूक लागतं. तिचं ४.७ आलं, यायला हवं होतं ४.७१८. तुम्ही म्हणाल, तेच की! पण ४.७ लिहिणाऱ्याला ४.७१८ मिळालं होतं की ४.६८१, हे तपासणाऱ्याला कसं कळणार?

तिसरा गुण मीन व्हॅल्यू थिअरमचा (मधे कधीतरी बदलाचा वेग सरासरी वेगाइतका होतोच, हे सांगणारा नियम). दुसऱ्या आणि सहाव्या तासाला टाकीतलं पाणी सारखंच आहे, तर मधल्या काळात बदलाचा वेग कधीतरी शून्य झालाच असेल का? तिनं लिहिलं, ‘हो, मीन व्हॅल्यू थिअरमनुसार.’ बरोबरच आहे. पण तो थिअरम लागू होण्यासाठी फंक्शन त्या कालावधीत कंटिन्युअस (कुठेही न तुटणारं) आणि आतल्या भागात डिफरन्शिएबल (प्रत्येक बिंदूपाशी बदलाचा वेग काढता येणारं) असावं लागतं. प्रश्नात ‘डिफरन्शिएबल’ असं दिलेलं आहे. तिनं एवढंच लिहायला हवं होतं, ‘फंक्शन डिफरन्शिएबल आहे, म्हणून कंटिन्युअसही आहे, म्हणून थिअरम लागू.’ एक ओळ. पहिलं ‘का?’ ह्या ओळीसाठी आहे.

दुसऱ्या ‘का?’ साठी गेलेला चौथा गुण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि दरवर्षी हुशार मुलंच तो घालवतात. टाकीत सगळ्यात जास्त पाणी कधी होतं? तिनं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, शून्य कुठे होतो ते काढलं, तिथे तो धनाचा ऋण होतो हे दाखवलं आणि म्हणाली, म्हणून इथे मॅक्सिमम. सोप्या आकड्यांत सांगते. समजा, टी तासांनी टाकीत १० + ६टी − टी² लिटर पाणी आहे आणि आपण ० ते ५ तास बघतोय. डेरिव्हेटिव्ह ६ − २टी, तो टी = ३ ला शून्य. तिथे चिन्ह धनाचं ऋण होतं, यावरून एवढंच सिद्ध होतं की ३ च्या आसपास ३ लाच जास्त पाणी आहे. गावातली टेकडी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच असली म्हणून ती जिल्ह्यात सगळ्यात उंच ठरत नाही. प्रश्न जिल्ह्याचा होता. त्यामुळे दोन्ही टोकं तपासायला हवीत : ० ला १० लिटर, ३ ला १९, ५ ला १५. म्हणून १९. किंवा टोकं न तपासता असं लिहायचं, ‘३ च्या आधी सर्व काळ डेरिव्हेटिव्ह धन आणि ३ नंतर सर्व काळ ऋण आहे, म्हणून ३ लाच सर्वांत जास्त.’ दोन्ही चालतं. ‘सर्व काळ’ हे दोन शब्द नसले की गुण जातो. आणि नुसता धन-ऋण चिन्हांचा तक्ता काढून खाली रेघ मारली, तर तो समर्थन म्हणून धरत नाहीत. तक्ता काय सांगतो ते वाक्यात लिहावं लागतं.

हे नातीच्या शिक्षिकेच्या मनचं नाही. मे महिन्यातल्या एपी परीक्षेत असे सहा मोठे प्रश्न असतात, प्रत्येकी ९ गुणांचे. जूनमध्ये हायस्कूलचे आणि कॉलेजचे शिक्षक मिळून ते तपासतात आणि कोणता गुण कोणत्या ओळीला, हे आधीच ठरलेलं असतं. त्या शिक्षिका मुलांना आतापासून त्याच काट्यावर तोलतायत. माझ्या मते योग्य करतायत.

आता तुम्हाला चकित करणारी गोष्ट. याच तपासणीत काही बाबतीत आपल्याकडच्यापेक्षा खूप सूट आहे. अंकांतलं उत्तर सोपं रूप देत बसायची गरज नसते. कुणी ३ × ४ + ७/२ असंच ठेवलं तरी पूर्ण गुण. उलट सोपं रूप देताना चुकलात तर गुण गेलाच, म्हणून मी मुलांना सांगते, हात आवरा. ‘अ’ मध्ये उत्तर चुकलं आणि तेच चुकलेलं उत्तर ‘ब’ मध्ये नीट वापरलं, तर ‘ब’ चे गुण बहुधा मिळतात. मात्र डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना ‘अधिक सी’ (इंटिग्रेशननंतर जोडायचा स्थिरांक) विसरलात, तर पुढचं सगळं पाण्यात. तिथे दयामाया नाही.

नातीला एक काम द्या. उत्तर लिहून झालं की तिनं ते तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तुम्ही काहीच ठाऊक नसल्यासारखं ‘का?’ विचारायचं. इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला गप्प बसणं जड जाईल, पण सोडवून दाखवू नका.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, कॅल्क्युलस बीसी घेतोय. चाचणीत ७१ टक्के आले. शाळेच्या पोर्टलवर मात्र बी श्रेणी दिसतेय. गृहपाठाला गुणच नाहीत, म्हणजे वर यायची सोय नाही. मी रोज रात्री पोर्टल उघडून बघते. सरांना ईमेल करू का? ७१ वाल्याला मे महिन्यात ५ मिळणं शक्य आहे का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. हो, शक्य आहे.

शाळेची श्रेणी आणि एपीचा १ ते ५ मधला स्कोअर, ही दोन वेगळी खाती आहेत. शाळेची श्रेणी सर देतात, कॉलेज अर्जासोबत जाते ती तीच, आणि जीपीए (सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी) तिच्यावर चालतो. एपीचा स्कोअर ही परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, देतं, तो जुलैत कळतो, म्हणजे बारावीच्या मुलाचा प्रवेश ठरून गेल्यावर. त्याचा उपयोग कॉलेजात क्रेडिट (तो कोर्स केल्याची नोंद) मिळायला किंवा पहिला कोर्स वगळायला. कुठे ३ ला क्रेडिट देतात, कुठे ५ शिवाय नाही, काही ठिकाणी अजिबात नाही. ते त्या-त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर बघावं.

परीक्षेत ४५ पर्यायी प्रश्नांना निम्मं वजन आणि सहा मोठ्या प्रश्नांना निम्मं. पर्यायी प्रश्नांचे गुण १.२ पटीनं वाढवले की ते ५४ वर जातात, मोठे प्रश्न सहा नव्वे ५४, एकूण १०८. चुकलेल्या पर्यायाला गुण कापणं २०११ पासून बंद आहे, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि ५ ची रेषा नव्वद टक्क्यांवर नसते. दरवर्षी ती थोडी हलते, पण जाहीर झालेल्या जुन्या पेपरांवरून पाहिलं तर ती साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास येते, कधी त्याखालीही.

म्हणजे सरांनी जर खऱ्या एपीच्या धाटणीची चाचणी काढली असेल, तर ७१ हा चांगला आकडा आहे. तो तसाच पोर्टलवर टाकला तर सी दिसेल, म्हणून ते तो बदलून टाकतात. मीही बदलते. कुणी ठरावीक गुण वाढवतं, कुणी ५ च्या रेषेला ए धरतं, कुणी फेरचाचणी देतं. यात शाळाशाळांत एकवाक्यता नाही आणि ते मला पटत नाही. निदान वर्षाच्या सुरुवातीला कागदावर तरी असावं. त्या कागदाला इथे ‘सिलॅबस’ म्हणतात. मुलाच्या दप्तराच्या तळाशी तो सापडेल.

गृहपाठाला गुण नाहीत, ही तक्रार मी दर सप्टेंबरला ऐकते. गुण ठेवले की फोनवर सोडवलेली उत्तरं सुंदर अक्षरात उतरून येतात, सगळ्यांना शंभर, आणि चाचणीत पंचावन्न. गृहपाठ करून पाहण्यासाठी असतो. तशीच ती ‘एक्स्ट्रा क्रेडिट’ची हौस. वर्गासाठी टिश्यूपेपरचा खोका आणला की दोन गुण वाढवणारे शिक्षक मी पाहिलेत. त्या खोक्यानं इंटिग्रेशन कसं सुधारतं, देव जाणे.

ईमेल तुम्ही करू नका. सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्यानंच पेपर घेऊन जावं. ‘माझे गुण का कापले’ असं म्हणत नाही, तर ‘हे वाक्य कसं लिहिलं असतं तर चाललं असतं’ असं विचारत. दुसऱ्या प्रश्नाला सर खुर्ची ओढून बसतात. आणि पोर्टल आठवड्यातून एकदा पुरे. ८९.४ चे ८९.६ रात्री अकरा वाजता होत नाहीत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. बीसीमध्ये बी मिळतोय. एबीत गेले तर ए नक्की. मैत्रीण म्हणते, बीसीत ५ मिळवणारे उलट जास्त असतात. मग राहू का?

उत्तर : मैत्रीण आकड्यांत खरी आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये बीसीला ५ मिळवणारे शंभरात चाळिसाच्या वर होते, एबीला एकवीस-बावीस. पण बीसी सोपं आहे म्हणून नाही. तिथे बसणारी मुलंच गाळून आलेली असतात. अभ्यासक्रम एबीचा पूर्ण, वर पॅरामेट्रिक आणि पोलर समीकरणं, आणि अनंत श्रेणी (न संपणाऱ्या बेरजा).

तुझा बी कुठून येतोय ते आधी बघ. लिमिट, डेरिव्हेटिव्ह कळतंय आणि वेळ पुरत नाही, असं असेल तर राहा. बीसीच्या निकालात एबीच्या भागाचा वेगळा उपस्कोअरही मिळतो, तेव्हा सगळंच वाया जात नाही. पण अपूर्णांक, लॉगॅरिदम, ट्रिगोनॉमेट्री इथेच अडखळत असशील, तर अनंत श्रेणींच्या धड्यात हाल होतील. मग एबीत जा, आणि लवकर जा. परीक्षेची नोंदणी बहुतेक शाळा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण करतात. काउन्सेलरशी त्याआधी बोल.

प्रश्न : कॅल्क्युलेटर हातात असताना पायऱ्या लिहायच्याच कशाला?

उत्तर : चार गोष्टी त्याच्यावर सोपवायला पूर्ण मुभा आहे : आलेख काढणं, समीकरणाची उकल शोधणं, एखाद्या बिंदूपाशी डेरिव्हेटिव्हची किंमत काढणं आणि डेफिनिट इंटिग्रलची किंमत काढणं. यांच्या पायऱ्या कुणी मागत नाही. पण कोणतं इंटिग्रल काढलं ते गणिताच्या चिन्हांत, मर्यादांसकट लिहायला लागतं. कॅल्क्युलेटरची बटणं लिहिलेली चालत नाहीत. हे फक्त १५ पर्यायी आणि दोन मोठ्या प्रश्नांपुरतं. बाकी सगळं हातानं. २०२५ पासून पर्यायी प्रश्न कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपमध्ये असतात आणि मोठे प्रश्न पडद्यावर वाचून कागदी वहीत सोडवतात, त्यामुळे अक्षर अजूनही वाचता यायला हवं. आणि कॅल्क्युलेटर कोनांसाठी अंशांवर नाही, रेडियनवर आहे ना, ते परीक्षेला बसण्यापूर्वी बघ.