गाडी दिसल्यावर बाजूला व्हायला वेळ मिळतोच ना? मग रूळ ओलांडायला इतकं का घाबरायचं?

तुम्ही डोळ्यांच्या भरवशावर हा प्रश्न विचारलाय आणि इथे नेमके डोळेच दगा देतात. माझं काम सिग्नलचं, त्यामुळे रुळांच्या कडेला उभं राहणं रोजचंच. तरीही समोरून येणाऱ्या गाडीचा वेग मला नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

गाडी सरळ आपल्या दिशेने येत असते तेव्हा ती बाजूला सरकताना दिसत नाही, फक्त मोठी होत जाते. लांब असताना हे वाढणं इतकं हळू असतं की गाडी उभीच आहे असं वाटतं. शिवाय मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा संथ चालल्याचा भास होतो. उतरणारं मोठं विमान तरंगल्यासारखं दिसतं ना, तसंच. हर्शेल लायबोवित्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये लेव्हल क्रॉसिंगवरच्या अपघातांबद्दल लिहिताना याच भासाकडे बोट दाखवलं होतं. आता हिशोब करा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. अर्धा किलोमीटर लांब दिसलेली गाडी अठरा सेकंदांत तुमच्यापाशी. पुरे वाटतात अठरा सेकंद? खडीत पाय मुरगळेपर्यंत वाटतात.

‘ड्रायव्हर ब्रेक मारेल की’ हेही मनातून काढून टाका. लोखंडी चाक लोखंडी रुळावर धावतं, घर्षण कमी. म्हणून तर एवढं वजन ओढता येतं, आणि म्हणूनच ते पटकन थांबवता येत नाही. वेगातल्या भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग नसतं. तो हॉर्न वाजवतो, इमर्जन्सी ब्रेक लावतो, बस.

कानांचंही तेच. विजेवरची गाडी समोरून येताना फारसा आवाज करत नाही, आणि हेडफोन असले तर विचारूच नका.

मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तो एक गाडी निघून गेल्यानंतरचा क्षण. दुहेरी मार्गावर गेलेल्या गाडीचा आवाज दुसरीचा आवाज गिळतो, तिचे डबे दुसरीला झाकतात आणि लोक शेवटचा डबा सरकताच पाऊल टाकतात. फाटक अजून बंद आहे याचा अर्थ बहुतेक वेळा दुसरी गाडी येतेय. गेटमन झोपलाय असं समजू नका. रुळांलगत उभे राहत असाल तर हेही लक्षात घ्या की गाडी रुळाच्या बाहेर पाऊण ते एक मीटर आलेली असते.

विजेची गोष्ट थोडक्यात. कित्येक देशांत वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला स्पर्शच व्हावा लागतो असं नाही. उभ्या डब्याच्या टपावर चढून सेल्फी घेणाऱ्यांना हे कळायला दुसरी संधी मिळत नाही.

वाहन चालवत असाल तर पलीकडे तुमची अख्खी गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय क्रॉसिंगवर चाक घालू नका. आत असताना फाटक पडलंच तर थांबू नका. दांडा मोडला तर मोडू दे, बाहेर निघा. गाडी रुळांवर बंद पडली तर सगळ्यांना आधी उतरवा. सामान राहू दे, दोन-चारदा स्टार्टर मारून बघण्याचा मोह नको. मग पळायचं ते रुळांपासून दूर, पण रेल्वे ज्या दिशेने येतेय त्या बाजूला तिरकं. विचित्र वाटेल, पण धडकेनंतर वाहनाचे तुकडे रेल्वेच्या पुढच्या दिशेला उडतात. सुरक्षित अंतरावर पोहोचलात की क्रॉसिंगवरच्या पाटीवर आपत्कालीन नंबर असेल तर त्यावर, नाहीतर पोलिसांना फोन करा. पाटीवर क्रॉसिंगचा क्रमांकही असला तर तो सांगा, म्हणजे गाड्या नेमक्या कुठे थांबवायच्या ते कंट्रोलला लगेच कळतं.