बीपीचं पथ्य चार दिवसांत सुटतं. मन खंबीर कसं करू?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत राहता, घरात चौघं आहात, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, पण दर वेळी चार-पाच दिवसांत पथ्य मोडतं आणि आता स्वतःचाच भरवसा वाटत नाही. मला यात मनापेक्षा मिठाच्या हिशेबाची चूक जास्त दिसते.

आधी चटणी बघा. आपल्याकडची कांदा-लसूण चटणी कांडतानाच तिच्यात मीठ पडतं, टिकायला ते लागतंच. ती आमटीत घातल्यावर सवयीनं हात पुन्हा मिठाच्या डब्यात जातो. उकळी आली की आधी चव घ्या, मग ठरवा. (अळणी चटणी हवी तर आठवड्यापुरतीच करून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरेल.) पापडात मीठ आणि पापडखार, सोडियम दोन्हीत. चुरमुऱ्यांना बहुधा भट्टीतच मीठ लागलेलं असतं, त्यामुळं घरच्या भडंगाच्या फोडणीत वेगळं नको. आणि सैंधव हेही मीठच.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. चौघांचं २० ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी निदान ५० दिवस जायला हवी. लोणचं, पापड, बाहेरचं धरलं तर आणखी जास्त दिवस. पुडी फोडाल त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा.

सुरुवातीला फक्त भातातलं आणि ताकातलं मीठ बंद करा. ताकात जिरेपूड, भातावर लिंबू. हे अंगवळणी पडलं की मग लोणच्याकडे वळा. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सगळं अळणी लागतं, नेमकं त्याच दिवसांत तुम्ही पथ्य सोडता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो प्रत्यक्ष जमलेल्या गोष्टीतून. पहिली पुडी ३० दिवस गेली आणि दुसरी ३८, तर ते तुम्हालाच जमलेलं असतं.

जत्रेत रस्सा ओरपलात तर पुढचं जेवण नेहमीचं. सोमवारपासून पुन्हा सुरू, असं नको. बीपीची गोळी दुप्पट घेऊ नका, पथ्य जमतंय म्हणून बंदही करू नका.

दुकानातल्या 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.