सेल्सफोर्स आणि झोहो बुक्स सुरक्षितपणे कसे जोडायचे? व्हेंडर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतोय, द्यावा का?

पासवर्ड देऊ नका. दिला असेल तर आज बदला, मग पुढचं वाचा.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: विक्रीचं सगळं काम सेल्सफोर्सवर, बिलं झोहो बुक्सवर. डील फायनल झाली की बिल आपोआप तयार व्हावं आणि पैसे जमा झाले की ते विक्रीच्या माणसाला सेल्सफोर्समध्ये दिसावं. व्हेंडर म्हणतो दोन्हीकडचे अ‍ॅडमिन लॉगिन द्या, आठवड्यात जोडून देतो. आणि तुम्ही विचारताय की मध्ये व्हीपीएन (दोन ठिकाणांमधली खासगी, सुरक्षित वाट) घ्यावं लागेल का.

मी पुण्यात हेच काम करतो, वेगवेगळी क्लाउड सॉफ्टवेअरं एकमेकांशी जोडण्याचं. व्हीपीएनचा मुद्दा आधी संपवतो. दोन्ही अ‍ॅप्स त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, तुमच्या ऑफिसमधलं यंत्र मध्ये कुठेच येत नाही, त्यामुळे व्हीपीएन लावायला जागाच नाही. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती टीएलएस या सुरक्षेच्या पद्धतीने एन्क्रिप्ट होऊनच, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशी, जाते. त्यातल्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ च्या मार्चमध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, आता १.२ किंवा १.३ चालतं आणि त्यासाठी तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. फक्त आयपी अ‍ॅड्रेस (सर्व्हरचे आकडी पत्ते) ठरवून तेवढ्यांनाच परवानगी देण्याच्या भानगडीत पडू नका. सेल्सफोर्सचे आयपी आता बदलत राहतात आणि ते स्वतःच डोमेनच्या नावाने परवानगी द्यायला सांगतात.

खरी काळजी वेगळी आहे. जोडणी कोणाच्या नावावर चालणार, त्या नावाला काय काय करता येणार, आणि ती चावी कोणाकोणाकडे राहणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये जे झालं ते तुमच्या व्हेंडरलाही वाचायला द्या. सेल्सलॉफ्ट नावाच्या कंपनीचं ड्रिफ्ट हे चॅटचं अ‍ॅप अनेक कंपन्यांनी आपल्या सेल्सफोर्सला जोडलेलं होतं. हल्लेखोर आधी सेल्सलॉफ्टच्या गिटहबमध्ये, म्हणजे कोड ठेवण्याच्या जागेत, शिरले, तिथून ड्रिफ्टच्या क्लाउडपर्यंत पोचले आणि ग्राहकांचे ओऑथ टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय आत जाऊ देणाऱ्या डिजिटल चाव्या, त्यांच्या हाती लागले. ८ ते १८ ऑगस्ट या काळात ते टोकन वापरून त्यांनी शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधून माहिती उपसली. क्लाउडफ्लेअर, झेडस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स ही सुरक्षेच्याच धंद्यातली नावं त्यात होती. सेल्सफोर्समध्ये कुठलीही फट नव्हती, तिथे शिरायला कोणाचा पासवर्ड लागला नव्हता. टोकन खरे होते, म्हणून दार उघडलं. आणि आत गेल्यावर त्यांनी शोधलं काय? सपोर्टच्या तक्रारींमध्ये लोकांनी लिहून ठेवलेले पासवर्ड आणि क्लाउडच्या किल्ल्या.

म्हणून माझं पहिलं मत असं की तुमच्या एवढ्या कामासाठी मध्ये तिसरं अ‍ॅप घेऊच नका. मधलं अ‍ॅप सोयीचं असतं हे मान्य, पण दोन्हीकडचे टोकन त्याच्याकडे कायमचे पडून राहतात. सेल्सफोर्समधून थेट झोहो बुक्सला कॉल करता येतो, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला विनंती पाठवता येते, तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. झोहो बुक्समध्ये एक स्वतंत्र युजर तयार करा. त्याचा ईमेल कंपनीच्या डोमेनवरचा आणि कुठल्याही माणसाच्या नावाचा नसलेला असावा, त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. त्याच्यासाठी वेगळा रोल करा आणि त्यात ग्राहक आणि इन्व्हॉइस एवढंच ठेवा. बँकिंग, रिपोर्ट, सेटिंग सगळं बंद. प्लॅननुसार एका जादा युजरचे पैसे पडतील, ते द्या. इथे पैसे वाचवायला लोक मालकाच्याच लॉगिनने परवानगी देऊन टाकतात. मग टोकनमागे मालकाचे सगळे अधिकार उभे राहतात.

मग झोहोच्या एपीआय कन्सोलमध्ये (एपीआय म्हणजे सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलतात तो मार्ग) सर्व्हर-बेस्ड प्रकारचा क्लायंट, म्हणजे तुमच्या जोडणीची नोंद, तयार करा. तिथे क्लायंट सीक्रेट मिळतं, तो त्या नोंदीचा गुप्त संकेत. परवानग्या, म्हणजे स्कोप, मागताना चारच मागा: ग्राहक वाचणं, ग्राहक तयार करणं, इन्व्हॉइस वाचणं, इन्व्हॉइस तयार करणं. डिलीट नको. इंटरनेटवरच्या बहुतेक नमुन्यांत 'फुल अ‍ॅक्सेस' वाला स्कोप असतो, कारण त्याने पहिल्याच फटक्यात सगळं चालतं. तुमचा व्हेंडरही बहुधा तोच टाकेल. मंजुरीचा स्क्रीन येतो तेव्हा त्यावर परवानग्यांची यादी स्पष्ट लिहिलेली असते. ती तुम्ही स्वतः वाचा आणि मगच अ‍ॅक्सेप्ट दाबा.

इथे दोन गोष्टींवर हमखास वेळ जातो. एक म्हणजे डेटा सेंटर. तुमचं झोहो खातं भारतातलं असेल तर ते 'डॉट इन' वर आहे, आणि कन्सोलपासून टोकनपर्यंत सगळे पत्ते 'डॉट इन' चेच लागतात. नमुना कोडमध्ये 'डॉट कॉम' असतं, ते तसंच राहिलं की 'इनव्हॅलिड क्लायंट' असा एरर येतो आणि माणूस क्लायंट सीक्रेट पुन्हा पुन्हा तपासत बसतो. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. परवानगी मागण्याच्या पत्त्यात 'अ‍ॅक्सेस टाइप ऑफलाइन' लिहिलं नाही तर झोहो रिफ्रेश टोकन, म्हणजे मुदत संपल्यावर नवा टोकन मिळवून देणारी चावी, देतच नाही. अ‍ॅक्सेस टोकन एक तास चालतो. म्हणजे डेमोत सगळं झकास, व्हेंडर घरी, आणि तासाभराने जोडणी बंद.

सेल्सफोर्सच्या बाजूला ऑथ प्रोव्हायडर, एक्स्टर्नल क्रेडेन्शियल आणि नेम्ड क्रेडेन्शियल या तीन गोष्टी क्रमाने कराव्या लागतात: परवानगी घेण्याची व्यवस्था, टोकन ठेवण्याची जागा आणि झोहोचा पत्ता. नावं जड आहेत, काम सोपं आहे. टोकन सेल्सफोर्स स्वतः एन्क्रिप्ट करून ठेवतं, मुदत संपली की स्वतःच नवा घेतं, आणि कोडमध्ये फक्त त्या जोडणीचं नाव लिहायचं असतं. व्हेंडरने टोकन किंवा सीक्रेट कोडमध्ये किंवा एखाद्या कस्टम सेटिंगमध्ये टाकलं तर काम परत करा, कारण तिथे ते बऱ्याच जणांना वाचता येतं. आणि हे सीक्रेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवू नका. पाठवलं गेलं असेल तर मेसेज डिलीट करून भागत नाही, कन्सोलमधून नवीन सीक्रेट घ्या.

एक्स्टर्नल क्रेडेन्शियल वापरण्याची परवानगी परमिशन सेटने, म्हणजे युजरला जोडायच्या अधिकारांच्या संचाने, द्यावी लागते. डील क्लोज झाली की लगेच कॉल जावा असं ठेवलं तर ती परवानगी प्रत्येक विक्री प्रतिनिधीला द्यावी लागेल. त्यापेक्षा ठरावीक वेळाने चालणारा जॉब लावा, एका वेगळ्या युजरच्या नावावर. तो नव्याने क्लोज झालेल्या डील उचलेल आणि बिलं बनवेल. बिल पाच सेकंदांत तयार व्हायलाच हवं असा तुमचा धंदा नाही.

पैसे जमा झाल्याची माहिती परत आणण्यासाठी लोक झोहोकडून सेल्सफोर्सकडे उलटी जोडणी करतात. मी शक्यतो करत नाही. त्याच जॉबने तासाला एकदा झोहोला विचारावं की मागच्या वेळेनंतर कोणती बिलं भरली गेली. दिवसाला चोवीसेक कॉल होतात, झोहो बुक्सची मर्यादा मिनिटाला १०० ची आहे. सेल्सफोर्समध्ये बाहेरून यायला दारच ठेवलं नाही तर त्याची राखण करायला नको. पुढे कधी बाहेरच्या सिस्टिमला आत घ्यावंच लागलं तर सेल्सफोर्सचं इंटिग्रेशन युजर लायसन्स वापरा. एन्टरप्राइज आणि त्यावरच्या एडिशनमध्ये अशी पाच मोफत मिळतात. त्या युजरला फक्त एपीआयने काम करता येतं, स्क्रीनवर लॉगिन करता येत नाही.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो ते. सेल्सफोर्स बाहेर कॉल करतं तेव्हा वेगळं काही सांगितलं नसेल तर १० सेकंद उत्तराची वाट पाहतं. महिनाअखेरीला झोहोकडून उत्तर यायला अकरा सेकंद लागले समजा. सेल्सफोर्सच्या लेखी कॉल फसला, पण झोहोमध्ये बिल तयार झालेलं असतं. जॉब पुन्हा चालतो आणि त्याच डीलचं दुसरं बिल बनतं. तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू आहे. दोन्ही बिलं पोर्टलवर गेली आणि दोघांना आयआरएन (नोंदणीचा क्रमांक) मिळाले, की चुकीचं बिल रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. नंतर क्रेडिट नोट, ग्राहकाला फोन आणि सीएची बोलणी.

उपाय असा. सेल्सफोर्समधला डीलचा १८ अक्षरी आयडी झोहोच्या बिलावर रेफरन्स नंबरच्या रकान्यात टाका आणि नवीन बिल करण्याआधी त्या नंबरचं बिल आहे का ते विचारा. असेल तर नवीन करू नका. शिवाय जोडणीने बिल ड्राफ्टच ठेवावं. पोर्टलवर पाठवण्याचं बटण तुमच्या अकाउंटंटने दाबावं, निदान सुरुवातीचे काही महिने तरी. टोकन उद्या कोणाच्या हाती लागला तरी खोटी बिलं ड्राफ्टमध्येच अडकतात. ग्राहक जुळवताना नावावर जाऊ नका, जीएसटीआयएनवर जा. 'श्री गणेश ट्रेडर्स' नावाचे तीन ग्राहक असतात आणि एकाचं बिल दुसऱ्याला गेलं तर तीही माहिती फुटणंच आहे.

जोडणी माणसाच्या नावावर का नको, याचं एक उदाहरण. चाकणमधल्या एका कंपनीत आयटीचा माणूस नोकरी सोडून गेला. एचआरने नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं आणि बिलं बनायची थांबली, कारण जोडणी त्याच्याच लॉगिनवर उभी होती. मग त्यांनी ते खातं परत चालू केलं आणि तसंच ठेवलं. म्हणजे सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन कंपनीच्या हिशेबात जिवंत. बिलं थांबणं परवडलं, हे नाही परवडत.

टेस्टिंगसाठी सेल्सफोर्सचा सँडबॉक्स (चाचणीसाठीची वेगळी प्रत) आणि झोहो बुक्समध्ये वेगळी ऑर्गनायझेशन घ्या. दोन्हीसाठी क्लायंट वेगवेगळे ठेवा, म्हणजे व्हेंडरकडे फक्त टेस्टचं सीक्रेट राहील. प्रत्यक्ष चालू करताना मंजुरीचं बटण तुमच्याच माणसाने तुमच्याच कॉम्प्युटरवर दाबायचं. व्हेंडरला पासवर्डची गरज कुठेच पडत नाही.

चालू झाल्यावर एका कामाच्या दिवशी मुद्दाम टोकन रद्द करून बघा. झोहोच्या अकाउंट सेटिंगमधून ते होतं. जॉब थांबतो का, ईमेल येतो का, परत जोडायला किती वेळ लागतो, हे शांततेत कळलेलं बरं. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार टोकन चोरून कोणी आत शिरल्यासारखा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावा लागतो आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ६ तासांत सेटिंग शोधत बसायला वेळ नसतो. कॉलचे लॉग ठेवताना त्यात टोकन छापला जात नाही ना, तेवढं तपासून घ्या.

व्हेंडरला एवढंच सांगा की स्वतंत्र युजर, चार स्कोप आणि नेम्ड क्रेडेन्शियल असं काम हवंय, पासवर्ड मिळणार नाही. हे जमणारा असेल तर तो लगेच हो म्हणेल, उलट त्यालाही सोपं जातं. अडून बसला तर दुसरा बघा. आणि तुमची सेल्सफोर्सची एडिशन कोणती ते कमेंटमध्ये लिहा, प्रोफेशनल असेल तर यातलं काय बदलेल ते सांगतो.