वाचकांचे प्रश्न: एकाच कुत्र्यावर पाच बॉक्स का येतात?

मागच्या अंकात फोटोतल्या वस्तू शोधणाऱ्या मॉडेलबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळे एकाच जागी अडकलेत, एकावर एक आलेले बॉक्स, म्हणजे मॉडेल वस्तूभोवती काढतं ते आयत, गाळायचे कसे. म्हणून यावेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, मी योलोचं (फोटोतल्या वस्तू शोधणारं) तयार मॉडेल घेतलंय आणि पुढचा कोड स्वतः लिहिलाय. फोटोत कुत्रा एकच आहे पण त्याच्यावर पाच-सहा बॉक्स येतात, सगळ्यांचे स्कोअर पण चांगले आहेत. मॉडेल बिघडलंय का? परत ट्रेन करू का?

नाही, काही बिघडलेलं नाही, ट्रेनिंगला हातसुद्धा लावू नका. मॉडेल आतून असंच वागतं. योलोच्या योलोव्ही८ या आवृत्तीचं उदाहरण घ्या, ६४० बाय ६४० चा फोटो दिला की ते त्याच्यावर तीन जाळ्या टाकतं, ८० बाय ८०, ४० बाय ४० आणि २० बाय २०, म्हणजे ६४०० अधिक १६०० अधिक ४०० असे एकूण ८४०० चौकटे, आणि प्रत्येक चौकटा आपापला एक बॉक्स आणि त्याबद्दलच्या खात्रीचा आकडा, म्हणजे स्कोअर, देतो. कुत्र्याच्या पोटावर जे चार-पाच चौकटे पडतात त्या सगळ्यांना कुत्रा दिसतो, शेजारच्याने आधीच सांगितलंय हे त्यांना माहीतच नसतं, म्हणून सगळेच ओरडतात.

हे निस्तरणारी पायरी म्हणजे नॉन-मॅक्झिमम सप्रेशन, सगळे एनएमएस म्हणतात. तयार लायब्ररीतून मॉडेल चालवलं की ती आपोआप होते, तुम्ही कोड स्वतः लिहिलाय म्हणून ती राहून गेली, एवढंच. कृती सोपी आहे. आधी कमी स्कोअरचे बॉक्स टाकून द्यायचे. उरलेल्यात सगळ्यात जास्त स्कोअरवाला उचलून पक्का करायचा, मग बाकीचा प्रत्येक बॉक्स त्याच्यावर किती चढलाय ते मोजायचं, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चढला असेल तर काढून टाकायचा. मग उरलेल्यातला सगळ्यात वरचा उचला, परत तेच, बॉक्स संपेपर्यंत.

किती चढलाय ते मोजायला आयओयू (इंटरसेक्शन ओव्हर युनियन) वापरतात, दोघांचा सामाईक भाग भागिले दोघांनी मिळून व्यापलेली एकूण जागा. काहीच सामाईक नसेल तर ०, तंतोतंत एकावर एक असतील तर १. एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात पक्की करा कारण खालच्या सगळ्या उत्तरांत ती परत परत येणार आहे: एनएमएसला फोटो दिसत नाही. त्याला फक्त चार आकडे आणि एक स्कोअर दिसतो. कुत्रा एक आहे की दोन, हे त्याला कळायला काहीही मार्ग नाही.

प्रश्न: गर्दीतली माणसं मोजायचं काम करतेय. आयओयूची मर्यादा ०.३ ठेवली तर शेजारी शेजारी उभी माणसं गायब होतात, ०.८ ठेवली तर एकाच माणसाचे दोन-तीन बॉक्स येतात. बरोबर आकडा कोणता?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण यात खरी अडचण उघडी पडते. आधी एक घोळ मिटवू, खूप जणांचा होतो. कॉन्फिडन्सची, म्हणजे स्कोअरची, मर्यादा वाढवली की बॉक्स कमी होतात, पण आयओयूची मर्यादा वाढवली की बॉक्स जास्त राहतात, कारण ‘एवढं चढलं तरी चालेल’ असं तुम्ही म्हणताय. तुम्ही हे बरोबर पकडलंय.

आता कागद घ्या. दोन माणसं, दोघांचा बॉक्स १०० पिक्सेल रुंद आणि ३०० उंच, एकाच उंचीवर, दुसरा पहिल्यापेक्षा २० पिक्सेल उजवीकडे. सामाईक रुंदी ८०, एकूण रुंदी १२०, आयओयू ०.६७. दुसऱ्याला ५० पिक्सेल सरकवा, म्हणजे तो निम्मा बाहेर आला, तरी ५० भागिले १५०, आयओयू ०.३३. तुमची मर्यादा ०.३ होती ना? म्हणजे निम्मं अंग उघडं दिसणारा माणूससुद्धा डुप्लिकेट म्हणून उडाला. ०.५ ठेवली तरी दुसरा माणूस निदान एक तृतीयांश रुंदीइतका बाजूला सरकलेला हवा, तेव्हा कुठे तो वाचतो.

म्हणून आकडा अंदाजाने ठरवायच्या आधी हे करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि मी प्रत्येक नवीन डेटावर करतेच करते. तुमच्याकडे हाताने लेबल केलेले फोटो असतील, त्यातल्या खऱ्या बॉक्सचाच एकमेकांशी आयओयू काढा, एकाच फोटोतले, एकाच वर्गातले, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूचे. समजा बऱ्याच जोड्या ०.६ च्या वर निघाल्या. तर ०.५ च्या मर्यादेत त्या जोड्यांमधला एक माणूस जाणारच, मॉडेल कितीही अचूक असलं, अगदी खरे बॉक्स जसेच्या तसे दिले तरी जाणार! मग लोक महिना महिना मॉडेल सुधारत बसतात आणि माणूस गाळला जातोय शेवटच्या दहा ओळींत, हे बघून खरंच जीव तुटतो. दुसऱ्या बाजूने एनएमएसच्या आधीचे कच्चे बॉक्स काढून एकाच माणसावरच्या बॉक्सचा आपसातला आयओयू बघा. ते ०.८ च्या वर असतील आणि खरी माणसं ०.६ च्या खाली, तर ०.७ टाका आणि मोकळ्या व्हा.

पण दाट गर्दीत हे दोन पट्टे एकमेकांत घुसतात, आणि तुमचं वर्णन वाचून मला वाटतं तेच झालंय. तेव्हा कुठलाच एक आकडा बरोबर नसतो, शोधत बसू नका. तिथे सॉफ्ट-एनएमएस वापरून बघा, २०१७ मध्ये आलेली पद्धत आहे. यात चढलेला बॉक्स काढायचा नाही, त्याचा स्कोअर उतरवायचा, जितका जास्त चढलेला तितका जास्त. तिच्या गॉसियन प्रकारात आयओयूचा वर्ग (आयओयू गुणिले आयओयू) सिग्मा नावाच्या आपण ठरवलेल्या आकड्याने भागून ई चा ऋण घात घेतात आणि स्कोअरला त्याने गुणतात, सिग्मा बहुतेक ०.५ ठेवतात. वरचाच शेजारी घ्या, स्कोअर ०.८५ आणि आयओयू ०.६७, उतरून साधारण ०.३५ होतो. आणि एकाच माणसावरचा डुप्लिकेट, स्कोअर तोच ०.८५ पण आयओयू ०.९, तो उतरून ०.१७ वर येतो. आता शेवटी ०.२५ ला कात्री लावली की शेजारी राहिला आणि डुप्लिकेट गेला. मात्र एक लक्षात ठेवा, तीन-चार जणांच्या मध्ये अडकलेल्या माणसाचा स्कोअर प्रत्येकाच्या पाळीला उतरत जातो, त्यामुळे शेवटची कात्री जुन्या सवयीने ०.५ वर ठेवलीत तर काहीच फायदा नाही.

दुसरा रस्ता म्हणजे बॉक्सच बदलणं. माणसं एकमेकांना झाकतात पण डोकी त्या मानाने कमी झाकली जातात, आणि तुम्हाला नुसतं मोजायचंय, मग डोकीच शोधा की! क्राउडह्यूमन नावाचा २०१८ चा डेटासेट आहे, त्यात एका फोटोत सरासरी सुमारे २३ माणसं आहेत आणि प्रत्येकाचे तीन बॉक्स दिलेत, डोक्याचा, दिसणाऱ्या भागाचा आणि पूर्ण अंगाचा. मोजणीसाठी मी तरी तिथूनच सुरुवात करेन.

प्रश्न: सर/मॅडम, माझ्या फोटोत डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या वस्तू नीट येतात पण उजवीकडे खाली गेलं की एकमेकींना न चिकटलेल्या वस्तूसुद्धा गायब. ओपनसीव्ही लायब्ररीचं एनएमएस वापरतोय. लाइटचा प्रॉब्लेम असेल का?

लाइटचा नाही, बॉक्स चुकीच्या फॉरमॅटमध्ये जातायत. हे मी इतक्या खात्रीने सांगते कारण याच्यावर माझे स्वतःचे दोन दिवस गेलेत, मीही आधी कॅमेऱ्यावरच संशय घेतला होता.

ओपनसीव्हीच्या एनएमएसबॉक्सेस फंक्शनला डावा-वरचा कोपरा आणि मग रुंदी, उंची लागते. टॉर्चव्हिजन या दुसऱ्या लायब्ररीच्या एनएमएसला डावा-वरचा आणि उजवा-खालचा असे दोन कोपरे लागतात. दोन्हीकडे चारच आकडे, त्यामुळे अदलाबदल झाली तरी एरर येत नाही, सगळं गुपचूप चालतं. आता बघा काय होतं. एक वस्तू ५०० ते ५६० मध्ये, दुसरी ५८० ते ६४० मध्ये, मध्ये २० पिक्सेलची मोकळी जागा, दोन्ही उभ्या ३०० ते ४२०. तुम्ही कोपरे दिले, फंक्शनने ५६० आणि ६४० या रुंद्या समजल्या. म्हणजे त्याच्या दृष्टीने पहिला बॉक्स ५०० ते १०६० आणि दुसरा ५८० ते १२२०, आयओयू ०.६७, एक गेला. तेच डाव्या कोपऱ्यात १० ते ७० आणि ९० ते १५० असे बॉक्स असतील तर चुकीने वाचूनही १० ते ८० आणि ९० ते २४० होतात, चिकटतच नाहीत, म्हणून दोन्ही वाचतात. कोपऱ्यापासून लांब जाल तसे बॉक्स फुगत जातात, तुमचं लक्षण अगदी तेच आहे.

याचाच एक भाऊ आहे. जुन्या कोडमध्ये रुंदी काढताना वजाबाकीत १ मिळवलेला असतो, पिक्सेलमध्ये ते चालून जातं, पण तुमचे आकडे ० ते १ च्या मापात असतील तर प्रत्येक बॉक्स अख्ख्या फोटोपेक्षा मोठा ठरतो आणि एनएमएस जवळजवळ सगळंच खाऊन टाकतं.

प्रश्न: मोठा फोटो तुकडे करून मॉडेलला देतेय. परत जोडल्यावर मोठ्या बॉक्सच्या पोटात छोटा बॉक्स राहतो, वस्तू एकच. मर्यादा ०.५ आहे तरी निघत नाही.

निघणार नाहीच, गणित करून बघा. १०० बाय १०० च्या आत ६० बाय ६० चा बॉक्स पूर्ण बुडालेला आहे, सामाईक भाग ३६००, एकूण १००००, आयओयू ०.३६. बुडालेला आहे पण आयओयूला तो दूरचा वाटतो. तुकड्याच्या कडेला वस्तू कापली गेली की असे अर्धवट बॉक्स हमखास येतात. इथे भागायचं ते दोघांपैकी लहान बॉक्सच्या क्षेत्रफळाने, मग तोच आकडा १ होतो आणि छोटा बॉक्स निघून जातो. तुकडे करून शोधणाऱ्या साही नावाच्या लायब्ररीत हा पर्याय तयार मिळतो, शिवाय काढून टाकण्याऐवजी दोन्ही बॉक्स जोडून एक करायची सोयसुद्धा आहे, आणि वस्तू दोन तुकड्यांत अर्धी अर्धी गेली असेल तर जोडणंच बरोबर. फक्त हे माप गर्दीच्या फोटोवर लावू नका, मोठ्या माणसाच्या पुढे उभं असलेलं लहान मूल त्याच्या बॉक्समध्ये पूर्ण मावतं आणि पहिलं तेच जाईल.

प्रश्न: एकाच गाडीवर ‘कार’ पण येतं आणि ‘ट्रक’ पण. एनएमएस लावलेलं आहे.

एनएमएस बहुतेक वेळा वर्गावर्गाने चालतं, कार फक्त कारशी भिडते. सगळे वर्ग एकत्र घेऊन गाळायचा पर्याय असतो, त्याला क्लास-अग्नॉस्टिक म्हणतात. तुमचे वर्ग गाड्यांचेच असतील तर बिनधास्त लावा. पण यादीत ‘माणूस’ आणि ‘मोटरसायकल’ दोन्ही असतील तर थांबा, बसलेला माणूस आणि गाडी यांचे बॉक्स भरपूर चढतात आणि त्यातलं एक जाईल. कार-ट्रक-बस यांचाच एक गट करून त्या गटापुरतं एकत्र गाळलेलं बरं.

प्रश्न: फोनवर मॉडेल पटकन चालतं पण एनएमएसला वेळ लागतो. नवीन मॉडेलमध्ये ही पायरीच नसते असं ऐकलं, तिकडे जाऊ का?

बरोबर ऐकलंय. २०२० मध्ये आलेल्या डेटर नावाच्या मॉडेलमध्ये उत्तरांसाठी १०० जागा असतात, ट्रेनिंगमध्ये एका खऱ्या वस्तूला एकच जागा जोडून देतात, दुसरीने तीच वस्तू सांगितली तर तिला दंड. शिवाय या जागा आतल्या थरांमध्ये एकमेकींशी बोलतात, म्हणजे शेजारच्याने काय सांगितलं ते इथे कळतं. पहिल्या थरानंतर उत्तर काढलं तर एनएमएसचा उपयोग होतो, पुढच्या थरांमध्ये तो मावळत जातो. २०२४ च्या योलोव्ही१० मध्ये शिकताना दोन हेड, म्हणजे उत्तर देणारे शेवटचे भाग, असतात, एक पूर्वीसारखं एका वस्तूला अनेक बॉक्स देणारं आणि एक एकास एक देणारं, चालवताना फक्त दुसरं ठेवतात.

पण मॉडेल बदलायच्या आधी तुमची कॉन्फिडन्सची मर्यादा मला सांगा. मॉडेलची परीक्षा घेताना ती ०.००१ ठेवतात, ते बरोबरच आहे कारण तिथे कमी स्कोअरचे बॉक्सही हिशोबात धरायचे असतात, पण तोच कोड उचलून लोक फोनवर टाकतात. १००० बॉक्स उरले तर जास्तीत जास्त जवळपास ५ लाख जोड्या तपासायच्या, ०.२५ ला कापून ५० उरले तर फक्त १२२५. तेवढी एक ओळ बदलून वेळ परत मोजा, आणि तरी अडलं तर दोन्ही आकडे पत्रात लिहून पाठवा.